पहिला नंबर आलेले बूट

माझ्या तोंडातून आजवर काय बाहेर पडलं नाही? नाकाडोंगरीच्या जंगलात वाघानं बाजूला सरकून माझ्या स्कूटरला वाट दिली, हे मी शंभरदा सांगितलंय. अड्याळच्या बाजारात उभ्या उभ्या चाळीस आलूबोंडे खाल्ले आणि एक्केचाळिसाव्याला दुकानदारानंच हात जोडले, हेही. जवाहरनगरच्या कॉलनीत माझ्या गप्पा ऐकताना लोकांचा चहा थंड होतो. पण एक गोष्ट मी कुठंच सांडू दिली नाही — बायकोजवळ नाही, देवाजवळ नाही, पिऊन तर्र असतानाही नाही. आज सांडतोय. नाक धरून वाचा.

गोष्ट बुटांची आहे. म्हणजे — बुटांची नाहीच. पण तिथूनच सुरू करू द्या.

मी पन्नाशीला टेकलेला, चौऱ्याऐंशी किलोचा माणूस. सकाळी कॉलनीतल्या चार मंडळींसोबत पळतो. पळतो कमी, बोलतो जास्त. मागच्या वर्षी मी शर्यतीचे हलके बूट मागवले. खोकं हातात घेतलं तर वाटलं, रिकामंच पाठवलं! तळाला पावासारखा फुगलेला फोम, त्याच्या पोटात कडक पट्टी. घालून उभा राहिलो की माणूस आपोआप पुढं झुकतो. मी लगेच जाहीर करून टाकलं, "या बुटाले ब्रेक नाही, सांभाळून राहा!"

ते खरे कसे चालतात, सांगू? सरळ डांबरी रस्त्यावर पहिले दोन किलोमीटर स्वर्ग. पाय टाकला की खालून कुणी उचलून देतं. मग पोटऱ्या पेटतात. माझ्यासारखा टाच आपटत पळणारा जड माणूस त्या उंच, मऊ तळावर डुगडुगायला लागतो. आणि वळण आलं, त्यात मुरूम असला, की घोटा बाहेर जातो. माझ्या वेगाच्या, माझ्या वजनाच्या माणसांसाठी ते केलेलेच नाहीत. हे मला माहीत होतं. लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

आमच्या मंडळींची दहा किलोमीटरची शर्यत होती. मैदानापासून तलावाच्या पाळीपर्यंत जायचं आणि त्याच रस्त्यानं परत. पाळीवर उभा असलेला माणूस प्रत्येकाच्या मनगटात हिरवं रबर अडकवतो. ते दिसलं की इथं मान्य करतात, हा टोकापर्यंत जाऊन आला. ती रबरं आदल्या दिवशी बाजारातून मीच आणली होती. दोन-चार चड्डीच्या खिशात राहून गेली होती.

तिसऱ्या किलोमीटरला नाल्याच्या वळणावर माझा घोटा मुरडला. लंगडत रस्त्याच्या कडेला गेलो आणि बेशरमाच्या झुडपामागे बसलो. खरंच बेशरमाचंच झुडूप होतं. मी काही रचून सांगत नाहीये. एवढ्या वेळा रचलं की आता खरंही रचल्यासारखं वाटतं, काय करता? बसलो. रस्त्यावरून माणसं जात होती. मला उठून हात करता आला असता. पण लोक हसतील — ब्रेक नसलेले बूट तिसऱ्या किलोमीटरलाच बसले म्हणून! घोटा चोळत बसलो, तोवर हात खिशात गेला. रबर मनगटावर आलं. पहिली तरणी पोरं परतताना दिसली, त्यांना जाऊ दिलं आणि मग रस्त्यावर उतरलो. घोटा दुखत होता, पण तीन किलोमीटर ओढले. पंचेचाळीसच्या वरच्या गटात — पहिला!

दुसरा आला मेश्राम. कारखान्यात माझ्याच सेक्शनचा, वीस वर्षांचा सोबती, पायात कारखान्यातलेच जुने कॅनव्हासचे बूट. धापा टाकत येऊन मला मिठी मारली.

"गजू, तू मले क्रॉस केला कधी बे? दिसलाच नाही!"

"तुही नजर पोचाच्या आत," मी म्हणालो.

हसला बिचारा. संशयाचं एक टिपूससुद्धा नाही. कप घेऊन मी फोटो काढला, बूट पुढं करून.

इथवर काय आहे हो? एक फुसका कप. एवढ्यावर थांबलो असतो तर नुसता लबाड राहिलो असतो.

मेश्रामची पोरगी प्रणाली पोलीस भरतीची तयारी करत होती. वयाचं शेवटचं वर्ष. आठशे मीटर ती जुन्या बुटांत नीट काढायची. थोडं कमी पडायचं, एवढंच. भरतीच्या महिनाभर आधी बापलेक माझ्या घरी आले. कप टीव्हीशेजारी ठेवलेला. प्रणालीनं माझे बूट उचलून तळ दाबून पाहिला आणि सरळ विचारलं, "काका, खरंच फरक पडते का?"

किती साधा प्रश्न! भरतीचं मैदान मुरमाचं. त्याला वळणं. माझा घोटा तेव्हाही सुजलेला होता, पलंगाखाली मी पाय लपवून बसलो होतो. "पोरी, वळणावर हे दगा देतात," एवढंच म्हणायचं होतं. पण मग मेश्रामनं विचारलं असतं — तुला कसं माहीत? तू तर पहिला आला.

"अवं, आठशे मीटरमंदी तीस सेकंद कुठीच नाही गेले," मी म्हणालो. "घाल आन् डोळे मिटून पळ."

नागपूरला जाऊन बूट मीच निवडून दिले. कॉलनीच्या सरळ डांबरी रस्त्यावर ती खरंच जोरात पळायला लागली, आणि बापलेकांचा विश्वास आणखी पक्का झाला. एकदा म्हणाली, "काका, पोटऱ्या दुखून राह्यल्या." मी काय म्हणालो असेन? "सवय होऊन राह्यली पायाले." स्वतःच्या पोटऱ्यांना तेल चोळत म्हणालो हे.

भरतीच्या दिवशी दुसऱ्या वळणावर ती पडली. घोट्याचं लिगामेंट फाटलं. उठून लंगडत पूर्ण केलं म्हणे, पण घड्याळ कुणासाठी थांबतं? मेश्रामनं फोन केला, आणि पहिली भीती मला कसली वाटली असेल? पोरीच्या पायाची नाही. बुटांचं नाव निघेल, याची. थू!

नाव निघालंच नाही. ती म्हणाली, "माहाच पाय चुकला, काका." आता ती भंडाऱ्यात साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते. जुन्या बुटांतही पडली असती का? असेल. हे वाक्य मी वर्षभर चघळतोय. आता त्याची शिसारी येते.

परवा मेश्रामकडे पाहुणे आले होते. मला मुद्दाम बोलावलं. माझ्या शर्यतीची गोष्ट आता तोच सांगतो, माझ्यापेक्षा फुगवून. "असा वाऱ्यावानी गेला न्, दिसलाच नाही मले! पंचावन्न मिनिटात आला!" प्रणाली चहाचा ट्रे घेऊन उंबरा ओलांडत होती, तो पाय जपून टाकत. सगळे माझ्याकडं बघत होते. ट्रे माझ्यासमोर आला. मी कप उचलला.

"पंचावन्न नाही बे," मी म्हणालो. "चौपन्न."