दादाच्या गोळीचे चार तुकडे

माझा दादा गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर ठेवायचा आणि आवाज चढवायचा नाही, एवढंच आपलं भांडवल, असं तो म्हणतो. चौकात स्टिअरिंग सोडून डोळे मिटून घेणाऱ्यालाही तो "असू दे, आता डोळे उघडून बघू या" असंच म्हणणार. अशा थंड डोक्याच्या माणसाचं डोकं तिशीतच उघडं पडायला लागलं, आणि त्याची शांतता पार ढळली.

निमित्त झालं एका शिकाऊ बाईंचं. नातवंडं असलेल्या त्या बाई दादाला म्हणाल्या, "काका, आता क्लच सोडू ना?" दादा घरी आला तो तोंड पाडूनच. वहिनीला हसू आवरेना. "अहो, प्रेमाने म्हणाल्या असतील," ती म्हणाली. दादा जेवला नाही.

शेवटी तो त्वचेच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी रोज एक गोळी लिहून दिली आणि बजावलं, की फरक दिसायला काही महिने लागतील, धीर धरा. गोळी नामांकित कंपनीची होती, डबी चकचकीत आणि किंमतही तशीच. दुसऱ्यांदा ती डबी घ्यायला दादा आमच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेला, तेव्हा दुकानातल्या बाईंनी त्याच्यासमोर दुसरी साधी पट्टी ठेवली.

"औषध तेच, मात्रा तीच, फक्त मोठ्या कंपनीचं नाव नाही. निम्म्याहून स्वस्त पडेल," त्या म्हणाल्या.

दादाने पट्टी उलटसुलट करून पाहिली. "पण बाई, गुण तोच येईल कशावरून?"

"तुमच्या गाडीच्या दारावर शाळेचं नाव रंगवलंय. ते पुसलं तर इंजिन बदलेल का? वाटलं तर डॉक्टरांना विचारून घ्या."

बाईंचं म्हणणं दादाला पटलं, डॉक्टरांनीही हरकत नाही म्हणून सांगितलं. पण तेवढ्यात दादाच्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या एका सोबत्याने त्याच्या कानात आणखी एक युक्ती घातली. हेच औषध म्हाताऱ्या पुरुषांना लघवीच्या त्रासावर देतात, त्याची गोळी पाचपट जोराची असते. ती आणायची आणि चार तुकडे करायचे, पाच काही नीट होत नाहीत. आणखी स्वस्त! दादाने डॉक्टरांना गळ घातली. डॉक्टरांनी लिहून दिली, पण जाता जाता म्हणाले, "तुकडे तुम्हीच करा. घरातल्या बायकांचा हात लागू देऊ नका." दादाला वाटलं, पुरुषांचं औषध बायकांनी चुकून खाऊ नये, म्हणून सांगताहेत. तो "हो हो" म्हणाला आणि विसरला. नवी गोळी मिळाली बाजारातल्या मोठ्या दुकानात. तिथे कोणी काही विचारलं नाही.

दादाने सुरीने पहिली गोळी कापली. एक तुकडा फ्रिजखाली गेला, एक चहात पडला, उरलेल्याचा भुगा झाला. वहिनी बघत होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळ्यांना दिसणार नाहीत असे स्क्रू चिमट्याने धरून काडीत बसवते. "द्या इकडे," ती म्हणाली. तेव्हापासून सुटीच्या दुपारी टेबलावर पांढरा कागद अंथरून ब्लेडने गोळ्या कापणं हे तिचं काम झालं. तुकडे असे सारखे, की सोनाराने तोलून द्यावेत. उरलेली भुकटी ती बोटाने टिपून कागदावर झटकायची. मी गमतीने म्हणायचे, "वहिनी, केस दादाचे, मेहनत तुझी!"

आणि गुण आला. आधी उशीवरचे केस कमी झाले. मग टाळूवर बारीक लव दिसू लागली. दादा गाडीच्या आरशात मागची वाहनं कमी आणि स्वतःला जास्त बघायला लागला.

त्याच सुमारास वहिनीला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आम्ही सगळ्यांनी तो विषय काढणंच सोडून दिलं होतं. दादा त्या दिवशी शिकाऊ मुलीला "डावीकडे" म्हणत होता आणि हाताने उजवीकडे दाखवत होता.

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या गोळ्या आणायला वहिनी आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. बाईंनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. गोळ्या पिशवीत घालता घालता त्यांनी सहज विचारलं, "आणि साहेबांनी केसांचं औषध सोडलं का? बऱ्याच दिवसांत आले नाहीत."

"छे हो," वहिनी कौतुकाने म्हणाली, "हे आता मोठी गोळी आणतात. मी चार तुकडे करते. अगदी सारखे होतात!"

बाईंचा हात पिशवीतच थांबला. त्यांनी मदतनिसाला गल्ल्यावर बसवलं, वहिनीला आत नेऊन खुर्ची दिली, आधी साबणाने हात धुवायला लावले आणि मग समजावून सांगितलं. गोळी अख्खी असते तोवर तिच्यावरचं आवरण औषध आत धरून ठेवतं. ती मोडली, की भुकटी हाताला लागते. पोटात मुलगा असेल, तर हे औषध त्याच्या वाढीत बाधा आणू शकतं. म्हणून गरोदर बाईने तुटक्या गोळीला हात लावायचा नसतो.

वहिनीचा रंग उडाला. "मी तर परवाच कापल्या."

"घाबरू नका. कोरड्या बोटांनी फारसं आत जात नाही. पण आजपासून बंद. आणि हे डॉक्टरीणबाईंना आत्ताच सांगू या." त्यांनी स्वतः फोन लावून सगळं सांगितलं. मग दुकान मदतनिसावर सोडून आम्हाला घरापर्यंत पोचवायला आल्या.

दादा घरी आला आणि त्याने सगळं ऐकलं. "डॉक्टर म्हणाले होते गं," एवढंच म्हणाला. मग त्याने टेबल ओल्या फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं, उरलेल्या गोळ्या नष्ट करायला बाईंकडे नेऊन दिल्या.

डॉक्टरीणबाईंनी धीर दिला. धोका फार थोडा आहे, तरी आपण बारकाईने लक्ष ठेवू, म्हणाल्या. पुढचे महिने दादाने मुलगी व्हावी म्हणून देव पाण्यात घातले. मुलगी असती तर प्रश्नच मिटत होता. गोळी त्याने बंदच केली, केस पुन्हा गळू लागले, आणि त्याने आरशाकडे बघितलंसुद्धा नाही. वहिनीने त्याला एकदाही बोल लावला नाही. उलट त्याचं डोकं कुरवाळत म्हणायची, "मला हे असंही चालतंय, तुम्ही जेवा बघू."

झाला मुलगा. डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळीकडून तपासलं. दादा दाराशी श्वास रोखून उभा. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "ठणठणीत आहे. आवाजावरून तर तुमच्या उलट स्वभावाचा दिसतोय." दादा भिंतीला टेकून रडला. मग थेट कोपऱ्यावरच्या दुकानात गेला.

त्या दिवशी बाईंनी तो प्रश्न विचारला नसता तर वहिनी पुढेही कापतच राहिली असती, हे त्याला सांगायचं होतं. तो नुसता हात जोडून उभा राहिला. बाई संकोचल्या. "अहो, विचारणं हे माझं कामच आहे," म्हणाल्या. मग विषय बदलायला त्यांनी साधी पट्टी काढली. "ही लहान मात्रेची. कापायची गरज नाही. अख्खी गिळायची आणि वरच्या फळीवर ठेवायची."

"केसांचं राहू द्या. तुमच्यासाठी मी काय करू, ते सांगा."

बाई हसल्या. बोलता बोलता कळलं, की दूर राहणाऱ्या बहिणीकडे स्वतः गाडी चालवत जायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती, पण शिकायला गेल्या तिथे कोणीतरी खेकसलं आणि त्यांनी धसकाच घेतला.

दुसऱ्या दिवसापासून दादा दुकान उघडण्याआधी त्यांना शिकवू लागला. त्या घाबरायच्या, गाडी बंद पाडायच्या, रस्त्याच्या मधोमध "सॉरी सॉरी" म्हणायच्या. दादाने आवाज चढवला नाही. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या, तेव्हा वहिनीने बाळाला कडेवर घेऊन त्यांची समजूत काढली. दुसऱ्या वेळी पास झाल्या.

दादा आता ती साधी गोळी अख्खी घेतो. लव पुन्हा आली आहे, पूर्वीइतकी नाही, पण त्याची तक्रारही नाही. आणि परवा बाई एकट्या गाडी चालवत बहिणीकडे गेल्या. पोचल्यावर त्यांनी पहिला फोन केला तो दादाला.