गारवेलीला अक्का जामीन राहिली तेव्हा

भूत, करणी, नजर... असलं काही माझ्यासमोर बोलायचं नाही, असा आमच्या घरात दंडकच होता. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस मी! पण हे जरा वाचा, आणि तुम्हीच सांगा.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा सुमार. चाळीसगावात स्टेशनमागे आमचं भाड्याचं घर. माझी विधवा आत्या, अक्का, गाव सोडून आमच्याकडे राहायला आली ती एक ट्रंक आणि लिंबाचं रोप घेऊन. लिंबू अंगणात छान वाढलं, फळं धरली. आणि मी शहाण्यानं दीपनगरच्या मित्राच्या क्वार्टरवरून गारवेलीची फांदी आणून त्याच्याशेजारी खोचली. जांभळी फुलं... काय देखणी दिसायची हो! दोन वर्षांत तिनं अख्खं लिंबू गिळलं. चारदा छाटली, तर तुकडा पडेल तिथून नवी वेल. लिंबाच्या फांद्या वाळायला लागल्या तशी अक्का माझ्याशी बोलायची बंद झाली. ताट पुढ्यात सरकवायची, बस्स. सात महिने! फार लागायचं मनाला.

एका शनिवारी दुपारी तिनं बायकोकरवी निरोप धाडला— कोयता घेऊन ये म्हणावं. फळ न देणाऱ्या झाडाला धमकवायची आमच्याकडे रीत आहे. एकानं हत्यार उगारायचं, दुसऱ्यानं झाडासाठी जामीन राहायचं, म्हणजे ते सुधारेल अशी हमी घ्यायची. अक्कानं ती वेलीवर चालवायची ठरवली होती. मी मुकाट कोयता उगारला. "तोडतोच आता हिला!"

"तोडू नको रे भाऊ, मी जामीन शे!" माझ्याकडे न बघता रीतीपुरते शब्द म्हणत अक्का आडवी आली.

शेजारचे नाना, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड, भिंतीवरून खिदळले. "अक्का, कान कुठे आहेत हो तिला?"

अक्का भडकली, उद्याच वेलीला नानांकडे धाडायला निघाली. "सकाय ती नानाना घर निंघी जाई!"

रविवारी सकाळी नानांचा आरडाओरडा. सिरीयल बघायला अख्खी गल्ली जमलेली आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. बाहेर येऊन बघतो तर... गारवेल नानांच्या अँटेनावर! फुलांसकट, वेटोळे घालून. मूळ त्यांच्या अंगणात. आमचं लिंबू मोकळं, खाली साधा खड्डासुद्धा नाही. अशी वेल न मोडता सोडवून बघा एकदा. मी नंतर दुसरीकडे करून पाहिलं, वीतभरही सुटली नाही.

"मास्तर, हे तुमचेच उद्योग!" नाना माझ्यावर धावले. मी देवाशपथ सांगितलं. हो, मी!

संध्याकाळी नाना स्वतःच कोयता घेऊन दारात. आवाज एकदम खाली आलेला. "अक्का, मी उगारतो, तुम्ही जामीन राहा. आमच्या व्याह्यांचा बंगला सांगा तिला."

एका वेलीला दोनदा जामीन राहायचं नसतं, असं अक्कानं त्यांना तोंडावर सांगितलं. मला हसू आवरेना. तशी ती सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"हसस काय? लिंबूले पानी घाल!"

ती वेल तिकडे गेली कशी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या क्षणी ते विचारायचंही सुचलं नाही. मी बादली घेऊन नळाकडे पळालो, आणि खोटं कशाला बोलू, बादली भरेपर्यंत रडत होतो.