चार वाजता खोकणारे भाऊसाहेब

लागून दोन दिवस सुट्टी आली की माझा नवरा प्रशांत सोफ्यावर आडवा होतो, तो थेट कामावर जायलाच उठतो. म्हणून या वेळी त्याला न विचारताच बुकिंग करून टाकलं. जासईच्या पुढे मिठागराच्या काठावर एक जुना बंगला आहे, तिथे आता मुक्कामाची सोय झाली आहे. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भूत आहे. त्रास देत नाही.' सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, वाचून दाखवलं. त्या साताऱ्याकडच्या. म्हणाल्या, "असू दे की. तेवढीच सोबत."

नेरूळहून सकाळीच निघा. उलव्यापर्यंत रस्ता झकास, पुढे कंटेनरचे ट्रेलर असे उभे असतात की जीव मुठीत धरून गाडी काढावी लागते. मॅपवर तर अजिबात विसंबू नका. आम्हाला त्याने एका कंटेनर यार्डात नेऊन सोडलं. तिथला वॉचमन खिडकीशी आला. "भूतवाला बंगला ना? गाडी रिव्हर्स घ्या, लेफ्ट मारा. चारच्या आत पोचा, नायतर मिस होईल."

बंगला सुमनताई चालवतात. गावातल्याच, पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. जेवायला तांदळाची भाकरी आणि खाडीच्या कोलंबीचं कालवण होतं. प्रशांतने इतकं हाणलं की भूत आलं तरी त्याला पळता आलं नसतं. आजूबाजूची मिठागरं बुजून यार्ड झाली आणि आता या जागेवरही एका यार्डवाल्याचा डोळा आहे. पाहुणे येतात तोवर बंगला उभा, नाहीतर इथेही कंटेनर. "आनि पाहुने काय माझी भाकरी खावाला येतान? भाऊसायबांना बघाला येतान," सुमनताई म्हणाल्या.

भाऊसाहेब म्हणजे मिठागराचे जुने कारकून. वारले, पण हजेरी चुकवली नाही. दुपारी चारला व्हरांड्यात येऊन खोकतात, चहा घेतात आणि रिकाम्या खोल्यांतले दिवे-पंखे बंद करत फिरतात. बास, एवढाच कार्यक्रम.

चार वाजले. आरामखुर्ची कुरकुरली, कुणीतरी घसा खाकरला आणि कपातला चहा हळूहळू कमी होत गेला. प्रशांतने व्हिडिओ काढला, त्यात फक्त छत दिसतं आणि त्याचे दात वाजताना ऐकू येतात. सासूबाईंनी मात्र पदर सावरला आणि विचारलं, "साखर बरोबर हाय न्हवं?" खुर्ची एकदा कुरकुरली. मग काय, आई खुर्ची ओढून बसल्याच. गुडघेदुखी, सोसायटीची सारखी बंद पडणारी लिफ्ट, समोरच्या फ्लॅटचं कधीच न उघडणारं दार, सगळं सांगून झालं. भाऊसाहेब मधूनमधून कुरकुरत होते. आईंना इतकं बोलताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारचा चहा उरकून निघालो. गाडीत बसण्याआधी आई खुर्चीपुढे गेल्या आणि म्हणाल्या, "येतो आमी. तुमी पण या एकदा नेरूळला, निवांत." आपण सगळेच असं म्हणतो. कुणी येत नाही, म्हणून तर बिनधास्त म्हणतो.

सोमवारी ऑफिसातून आले, तर बेडरूमचा पंखा बंद. मी चालू ठेवून गेले होते. मंगळवारी प्रशांत बाथरूममध्ये असताना दिवा गेला आणि बाहेर कुणीतरी खोकलं. तो आत मोबाइल बघत इतका गप्प बसला होता की भाऊसाहेबांना खोली रिकामी वाटली असणार. तो टॉवेलवरच हॉलमध्ये आला.

तेवढ्यात सुमनताईंचा फोन. "मॅडम, आमचे भाऊसायब तुमच्याकडं हायेत का? चहा तसाच थंड होतो. शनवारी कंपनीची मोठी पार्टी हाय. हे खोकले नाय तं परत कोन येनार? आनि तो यार्डवाला रोज गेटवर येऊन उभा रातो."

प्रशांत म्हणाला, "मी सांगतो त्यांना जायला." आईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो कपडे घालायला आत गेला.

"आपणच बोलावल्याल्या पाव्हण्याला जा कसं म्हणायचं?" त्या म्हणाल्या. मग हळूच, "तुमी दोघं दिवसभर नसता. कालपासनं चारला दोन कप ठेवतीया मी. बरं वाटतं." मला फार वाईट वाटलं. आईच पुढे म्हणाल्या, "पण त्या बाईचं घर चालतंय त्यांच्यावर. शनिवारी पोचवून या."

शनिवारी रीतसर पाठवणी झाली. टॉवेल-टोपी, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. आईंनी दारात चमचाभर दही पुढे धरलं. चमचा रिकामा झाला, लादीवर थेंब नाही. आई स्वतः आल्या नाहीत, गॅलरीतून बघत राहिल्या. गाडीत पुढची सीट रिकामी, तरी पट्टा लावा म्हणून गाडी ठणाणा करायला लागली. शेवटी प्रशांतने मुकाट्याने पट्टा लावला आणि चक्क "सॉरी काका" म्हणाला.

चारला बंगल्यात खोकला आला. कंपनीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, जाताना पुढच्या महिन्याचं बुकिंगही करून गेले. सुमनताईंनी पदराने डोळे पुसले आणि आमच्या गाडीत सुक्या जवळ्याची पिशवी टाकली.

ट्रिप एकदा कराच. जेवण अप्रतिम, गाद्या जरा कडक, भाडं खिशाला परवडणारं. फक्त बुधवारी जाऊ नका. हातावर दही देतात ते माणसाने परत यावं म्हणून, हे भाऊसाहेब विसरलेले नाहीत. सुमनताईंनी आता बुधवारी बंगला बंद ठेवायचं ठरवलंय. गेल्या बुधवारी चारला मी ऑफिसातून घरी फोन केला, तर आई म्हणतात, "नंतर कर गं. चहा चाललाय आमचा."