आधी उत्तर, मग प्रश्न

शिकवणीत फिजिक्सपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फिजिक्सचा सिलॅबस निदान संपतो तरी!

मी मूळची नागपूरची. नवऱ्याच्या नोकरीपायी बंगळुरूला आले आणि चामराजपेटेत शिंदे अण्णांच्या सीईटी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागले. केमिस्ट्री अण्णांकडे. त्यांच्या कैक पिढ्या इथेच गेलेल्या, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं. पोरांना सगळं यायचं, पण वेळेत पेपर संपायचा नाही. म्हणून आम्ही स्पीडची खास बॅच काढली.

*

पहिल्याच टेस्टला रोहननं अर्ध्या वेळात पेपर आणून दिला. मी खूश! तपासला, तर जेमतेम चार-पाच उत्तरं बरोबर.

"रोहन, हे काय?"

"मॅम, ॲक्युरसीची बॅच वेगळी असेल ना?"

*

रोहनचे वडील कोरमंगल्यातल्या स्टार्टअपमध्ये मॅनेजर. भेटायला आले आणि म्हणाले, "वेळ नेमका कुठं जातोय, ते आधी शोधायला हवं."

"सरी, ठीक," अण्णांनी त्यांच्या हातात पेपर ठेवला. "बसा. शोधा."

बऱ्याच वेळानं ते घाम पुसत बाहेर आले.

"सापडलं का काही?"

"हो मॅडम. प्रश्नांमुळे जातोय!"

*

आणि रश्मी. वडील पीण्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर कामाला. गेल्या वर्षी निम्मे प्रश्न राहिले आणि इंजिनिअरिंगची सीट हुकली. यंदाही नाही जमलं तर शिक्षण बंद, नोकरी बघायची, असं घरी ठरलेलं.

एकदा ती एकाच प्रश्नावर अडून बसली होती. लिफ्टचा दोर तुटलाय. आतल्या माणसाचं वजन किती भासेल?

"अगं, शून्य!" मी म्हटलं.

"ते आलं, मॅम. पण पुढं त्याचं काय होतं?"

मागून अण्णा ओरडले, "रश्मी अक्का, स्वल्प लवकर! त्याचं पुढचं बायॉलॉजीवाले बघतील!"

*

मग अण्णांनी तिला वेगळाच सराव लावला. त्यांचं वाक्य संपायच्या आत तिनं उत्तर द्यायचं. जिन्यात, दारात, दिसेल तिथं.

एका संध्याकाळी अण्णांनी तोंड उघडलं, "रश्मी, लिंबाचा चहा—"

"ॲसिड!"

"घेणार का, विचारतोय!"

*

रश्मीला हुबळीच्या कॉलेजात सीट मिळाली. वडील पेढे घेऊन आले. आम्ही पेढा खाल्ला तरी ते दारातच घुटमळत उभे.

"मॅडम, आता हिचा स्पीड स्वल्प कमी करून देता?"

"का हो?"

"काल ही बॅग भरत होती. मी म्हटलं, 'रश्मी, तिकडं गेल्यावर—' तर म्हणते, 'रोज फोन करीन, आप्पा. जेवण चुकवणार नाही. आणि घर रिकामं वाटलं तर लगेच सांगा, मी येईन.' वाक्य पुरं करू दिलं नाही!"

"पण तुम्ही म्हणणार काय होतात?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"तेच की हो!"