मशिनच्या रकान्यात ओके

मी मुळातच कमी बोलतो. घरात, कंपनीत, लिफ्टमध्ये, सगळीकडेच. या सवयीचा मला आयुष्यात एकच फायदा झाला. लोकांना वाटतं, ह्याला फार कळतं. जुन्या मोटरसायकली सांभाळणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे, तिथे तर एवढ्या एका भांडवलावर मी कित्येक वर्षं सल्लागार म्हणून मिरवलो.

ग्रुपमध्ये बहुतेक सगळे कंपनीवाले. कुणी चाकणला प्रेसशॉपमध्ये, कुणी पेंटशॉपमध्ये, कुणी टूलरूममध्ये. मी क्वालिटीत. रविवारी सकाळी रावेतला एका टपरीसमोर गाड्या लावायच्या, चहा घ्यायचा आणि एकमेकांच्या गाडीतले दोष काढायचे, हा कार्यक्रम. आठवडाभर स्वतःतले दोष ऐकून आलेली माणसं ही, त्यामुळे या कामात सगळेच तयारीचे. एखादी गाडी सुरू होत नसेल तर आमच्यातला कुणीही सरळ हात घालत नाही. आधी कंपनीत शिकवलेली पद्धत. 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही 'का' विचारायचं, असं खाली खाली जात मूळ कारण गाठायचं. एकदा ताथवड्याच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांची गाडी चहानंतर रुसली. इतके 'का' झाले की कार्ब्युरेटर खोलून वर्तमानपत्रावर मांडला गेला. मग प्राध्यापकांनाच आठवलं, की गाडी लावताना पेट्रोलचा कॉक त्यांनी स्वतःच बंद केला होता. सगळे हसले. प्रेसशॉपवाला तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "पण सर, बंद का केला?"

माझं स्थान मात्र वेगळ्या कारणानं पक्कं झालं होतं. कंपनीत एखादा पार्ट मापात बसत नाही. नियमानं तो बाजूला काढायचा असतो. पण गेटवर ट्रक उभा असतो, पलीकडची लाईन खोळंबलेली असते. अशा वेळी कुणीतरी वरचा माणूस 'एवढं चालेल' म्हणून सही करतो आणि पार्ट रवाना होतो. याला डेव्हिएशन म्हणतात. आमच्याकडे ती सही माझी. ग्रुपमध्ये हे कळल्यापासून थट्टा सुरू झाली. कुणी गुळगुळीत झालेल्या टायरचा फोटो टाकायचा, "साहेब, डेव्हिएशन द्या ना राव." कुणी सैल चेनचा. मी उत्तर द्यायचो, "चालेल."

थट्टेचं कधी खरं झालं ते मलाही कळलं नाही. लोक माझ्या 'चालेल'वर खरोखरच गाड्या चालवू लागले. खरं सांगायचं तर 'चालणार नाही' म्हणायची मला भीती वाटायची. ते म्हटलं की लगेच 'का' येतो, आणि त्याचं उत्तर द्यायला गाडीतलं काहीतरी कळावं लागतं. मला मापं कळतात, गाड्या कळत नाहीत. माझी स्वतःची मोटरसायकल मी गुपचूप निगडीच्या एका गॅरेजात देत असे, आणि रविवारी नखांत थोडं ग्रीस ठेवून टपरीवर येत असे. हेही आज सांगून टाकतो.

टूलरूमवाला आमच्यात सगळ्यांत सरळ माणूस. पुनावळ्याचाच, जुन्या घरातला. त्याची बायको एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या करते. त्यानं एके दिवशी ग्रुपवर मागच्या चाकातल्या ब्रेक शूंचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "साहेब, पायडल लय खाली जातंय. बदलू का?" मी मीटिंगमध्ये होतो. फोटो उघडलाही नाही. नुसता अंगठ्याएवढा दिसला तेवढ्यावरून लिहिलं, "बदलू नको. ब्रेकचा नट दोन आटे आवळ. चालेल."

नट आवळला की पायडल वर येतं, हे खरं. झिजलेलं मात्र झिजलेलंच राहतं.

पुढच्या आठवड्यात तो बायकोला घेऊन मावळातून, तिच्या माहेरून परत येत होता. एका उतारावर त्यानं ब्रेक दाबला आणि मागचं चाक जाम झालं. गाडी आडवी. त्याचा गुडघा सोलला, तिचं उजवं मनगट मोडलं. ग्रुपवर त्यानंच कळवलं, "खडी होती. आणि मिसेस मागे हलली." खाली हात जोडलेले, काळजी घ्या, लवकर बरे व्हा. मी कँटीनमध्ये जेवत होतो. तेव्हा तो जुना फोटो पहिल्यांदा मोठा करून बघितला. शूवरचं लायनर, ज्यानं ब्रेक धरतो तो थर, नावालासुद्धा नव्हतं. नुसतं लोखंड चमकत होतं. मी फोन उपडा ठेवला, ताक प्यायलो आणि हात धुवायला गेलो.

त्या रविवारी टपरीऐवजी सगळे त्याच्या घरी जमलो. तिन्ही बाजूंनी उंच इमारती आणि मध्ये त्याचं अंगण. अंगणात गाडी उभी होती. ती टेम्पोतून उतरवून तिघांनी ढकलत आणली होती, कारण मागचं चाक अजूनही फिरत नव्हतं. पडल्यावर काहीतरी वाकलं असेल, असं सर्वानुमते ठरलं. वहिनी दारात बसल्या होत्या, हात गळ्यात. प्रेसशॉपवाल्यानं जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा करून भिंतीला चिकटवला आणि चार रकाने पाडले. माणूस, मशिन, पद्धत, माल. मग मार्कर घेऊन उभा राहिला.

"चला. गाडी पडली का?"

"मागचं चाक घसरलं," टूलरूमवाला म्हणाला.

"का घसरलं?"

"खडी व्हती."

"खडी सगळ्यांनाच असते, भावा. तुझीच का पडली?"

बायकोकडं न बघता तो म्हणाला, "ही हलली ना मागं."

"अवो, गाडी गचकन अडकली म्हून हालले मी!" वहिनी दारातून म्हणाल्या. "आदी गाडी अडकली. मंग मी हालले."

"वहिनी, एकेक मुद्दा घेऊ," प्रेसशॉपवाला समजुतीनं म्हणाला आणि माणसाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'पिलियन (मागे बसणारी) हलली.' मग मार्कर मशिनवर नेला. "मशिन?"

"मशिन ओके," पेंटशॉपवाला म्हणाला. "साहेबांनी पास केलंय."

ओके लिहिलं गेलं, त्याभोवती गोल काढला गेला. कुणी चाकाकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. कंपनीतही आम्ही असंच करतो. सही झालेल्या गोष्टीकडं परत बघणं म्हणजे सही करणाऱ्याचा अपमान.

"मूळ कारण, पिलियन," प्रेसशॉपवाल्यानं निकाल दिला. "उपाय?"

"पिलियनला ट्रेनिंग."

"कोण देणार?"

"साहेब देतील की."

सगळे माझ्याकडं बघून हसले. वहिनी हसल्या नाहीत.

"द्या की ट्रेनिंग," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं बी तेच चालवलंय. ह्यांनी सांगितलंय तिला, पोरगी हलली म्हून. रोज फोन करती न् रोज शिव्या घालती, गाडीवर बसायची अक्कल न्हाई म्हनती. कामावरच्यांचं बी तेच. बाया फोन करून इचारत्यात, नवऱ्याला पाडलंस म्हनं?"

मी तोंड उघडलं. आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला. "मशिन ओके नव्हतं."

"काय म्हणले साहेब?"

"शू संपले होते. फोटो मी उघडलाच नव्हता. तसंच लिहिलं, चालेल म्हणून."

प्रेसशॉपवाला भारावलेल्या आवाजात म्हणाला, "बघा. ह्याला म्हणतात लीडर. टीमची चूक अंगावर घेतली." आणि पेंटशॉपवाल्यानं चक्क टाळी वाजवली.

"मोठेपणा नाहीये तो," मी म्हणालो. "चाक खोला."

टूलरूमवाल्यानं पाना आणला. कुणाकडं न बघता त्यानं चाक उतरवलं, ठोकून ठोकून ड्रम सोडवला. शू इतके झिजले होते की त्यांना फाकवणारा आतला तुकडा पार कलंडून अडकला होता. लोखंडावर लोखंड घासून ड्रममध्ये चऱ्या पडल्या होत्या. तो बराच वेळ आत बघत राहिला. टूलरूमचा माणूस तो. त्याला हे आधी दिसलं नसेल असं नाही. दिसलं होतं म्हणूनच तर त्यानं विचारलं होतं.

"पण साहेब," प्रेसशॉपवाल्याला राहवलं नाही, "फोटो का नाही उघडला?"

"मीटिंगमध्ये होतो."

"मीटिंग कशाची होती?"

"आरं बास करा आता!" वहिनी उठून उभ्या राहिल्या. भिंतीजवळ गेल्या, डाव्या हातानं तो कागद ओढून काढला आणि नवऱ्यापुढं आल्या. "लावा फोन. माझ्या आईला."

"आत्ता? मानसं हायती समदी."

"हायती म्हूनच."

त्यानं फोन लावला. म्हातारीला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर टाकला. "मामी, त्ये गाडीचं... गाडीचंच व्हतं त्ये. हिची चूक न्हाई."

"कोन म्हनतं?"

"आमचे साहेब म्हनत्यात."

"दे त्येला."

फोन माझ्या हातात आला. मी सांगितलं. "काय?" म्हातारी म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. "मोठ्यानं बोल की रं, ज्येवला न्हाईस का?" आजूबाजूच्या बाल्कन्यांत कपडे वाळत घालणारी माणसं वाकून बघायला लागली. पन्नाशी ओलांडली माझी, पण इतक्या मोठ्यानं मी घरातसुद्धा कधी बोललो नव्हतो.

"तुमच्या मुलीमुळं गाडी पडली नाही! ब्रेक गेलेला होता! आणि चालेल म्हणून मी सांगितलं होतं, न बघता!"

"न बघता कसं सांगितलंस?"

प्रेसशॉपवाल्याच्या कुठल्याही प्रश्नाला मी काहीतरी उत्तर दिलं असतं. म्हातारीपुढं ते चालणार नव्हतं.

"तसंच सांगतो मी," मी म्हणालो.

"समद्यान्ला?"

"सगळ्यांना."

मग म्हातारीचा आवाज आला, आता जरा हळू. "पोरीकडं दे."

मी फोन पुढं केला. वहिनींनी कागदाचा बोळा नवऱ्याच्या हातात कोंबला, फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. आम्ही सगळे अंगणात, उघड्या चाकाभोवती, त्या बाहेर येईपर्यंत तसेच उभे राहिलो.