भोक नसलेला हंडा

कर्जत स्टेशनाच्या सांध्यांवर कोंडाजीचं अर्धं आयुष्य गेलं. घाट चढणाऱ्या गाडीला मागून आणखी एक इंजिन लागायचं, ते जोडून घेण्यासाठी रूळ इकडचे तिकडे करायचे, एवढंच काम. दिवसाकाठी दांडा किती वेळा ओढला ते त्याच्या खांद्याला ठाऊक, त्याला नव्हे. घरी आल्यावर कुणी आपल्याकडे काही मागू नये असं त्याला वाटे. झाडांनीसुद्धा.

झाडं भागूबाईची, त्याच्या बायकोची. खोलीपुढच्या वीतभर जागेत तिने मातीच्या कुंड्यांतून मोगरा, शेवंती, अबोली लावली होती आणि नदीवरून पितळी हंड्याने पाणी आणून ती जगवली होती. प्लेगच्या साली ती गेली. कुंड्या तडकल्या, मोगरा वाळला. शेवंती कधी गेली ते कोंडाजीला कळलंही नाही.

मग त्याने आपल्याला झेपेल अशी बाग केली. स्टेशनात रॉकेलचे रिकामे डबे पडून असत, ते आणले. पहिल्या उन्हाळ्यात पत्रा असा तापला की सदाफुलीची मुळं आतल्या आत शिजली. तेव्हा डबे भिंतीच्या सावलीला घेतले, खाली विटा दिल्या, भोवती गोणपाट गुंडाळलं. डबा दोन पावसाळ्यांत गंजून तळाशी सुटतो असं दिसल्यावर एक जाड लोखंडी बादली मिळवली. प्रत्येकाच्या तळाला खिळ्याने भोकं पाडली. आत कोरफड, पानफुटी, काटेरी निवडुंग. विसरलं तरी न रुसणारी मंडळी.

राहिली तुळस. भागूने तिचं रोप खालापूरकडून, माहेराहून, पदरात बांधून आणलं होतं. तिची कुंडी फुटली तेव्हा कोंडाजी अडला. देवीला रॉकेलचा डबा कसा द्यायचा? त्याने भागूचा हंडा काढला, चिंचेने घासला, तळात नदीतले गोटे टाकले आणि वर माती भरून तुळस लावली. पितळ गंजत नाही, फुटत नाही. एकदा लावलं की सुटलो, असं त्याला वाटलं.

पण हंड्याला भोक नव्हतं.

आषाढ लागला आणि डोंगराकडून पाऊस दिवसचे दिवस हटेना. हंड्यात पाणी साचून राहिलं, मातीला कुबट वास येऊ लागला, खालची पानं काळी पडून गळाली. कोंडाजी कामावरून आला की आधी हंड्याशी जाई, त्याला मिठी मारून कलता करी आणि पाणी ओतून टाकी. चिखलाने भरलेला हंडा दगडासारखा जड. कामावर जाताना त्यावर इरलं उपडं घाली, ते वाऱ्याने उडून जाई. परत आला की पुन्हा मिठी, पुन्हा कलता करणं. सगळी बाग त्याने कष्ट नकोत म्हणून केली होती, आणि हे एक झाड त्याची कंबर मोडत होतं.

त्याची विधवा थोरली बहीण अंबूबाई हल्ली त्याच्याकडे राहून दोन भाकऱ्या थापी. ती चुलीपुढून सगळं बघत होती.

"काय रं कोंडा, लगीन लावतोस का काय त्या हंड्याशी? येता-जाता मिठी!"

"पानी काढतोय, आक्का."

"डब्यांना भोकं पाडलीस, बादलीला पाडलीस. ह्याला पाड की एक. तुळस कुजली, माज्या बाबा."

"ह्याला नाय पाडायचं."

"का? सोन्याचा हाय?"

"भोक पाडलेलं भांडं कुठं नेत्यात, ठाव हाय ना तुला?"

"मला ठाव हाय," अंबूबाई म्हणाली, "तू कुठं व्हतास तिथं?"

बोलून गेल्यावर तिने तोंडाला पदर लावला. भाकरी तव्यावर करपली.

तो नव्हताच तिथं. भागूला गाठ आली तेव्हा तिला गावाबाहेरच्या झोपडीत हलवलं होतं आणि लागण पसरू नये म्हणून कोंडाजीला वेगळ्या छावणीत अडकवून ठेवलं होतं. तो सुटून आला तोवर भाड्याच्या माणसांनी तिला जाळून टाकलं होतं. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन सरणाभोवती कुणी फिरलं नव्हतं. मडक्याला दगडाने भोक पाडून धार कुणी सोडली नव्हती. बायको मेल्याचं त्याला माणसांनी सांगितलं होतं, आणि त्याने ते ऐकून घेतलं होतं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावर निघायच्या आधी त्याने छिन्नी आणि हातोडा काढला. हंडा कलता करून दोन विटांवर टेकवला. तुळशीच्या काड्या राहिल्या होत्या, शेंड्याला चार पानं. छिन्नी बुडाशी लावून तो बराच वेळ नुसता बसला.

"मी मारू का?" अंबूबाईने दारातून विचारलं. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"नाय. माजं काम हाय ते."

पहिल्या घावाला पितळ नुसतं वाजलं. चौथ्या-पाचव्या घावाला आत गेलं. काळं, कुबट पाणी आधी थेंबाथेंबाने आणि मग धारेने बाहेर आलं, अंगणातून वाट काढत गटाराकडे गेलं. कोंडाजीने हातोडा खाली ठेवला आणि डोक्यावर घोंगडी घेऊन तो स्टेशनाकडे चालू लागला.

"अरं, बघ तरी, सगळं निघालं का!"

त्याने मागं वळून पाहिलं नाही. मागं वळायचं नसतं. त्या संध्याकाळी त्याने सांधे बदलले तसेच, रोजच्यासारखे.

तुळस मेली नाही. भाद्रपदात बुंध्याशी बारीक पालवी आली, पाऊस पडे आणि खालून निघून जाई. कामावरून आला की सवयीने कोंडाजीचे पाय हंड्याकडे वळत, हात पुढे होत. तिथे आता करण्यासारखं काही नसे. तो हात तसेच घेऊन पायरीवर बसे, आणि अंबूबाई हाक मारीपर्यंत उठत नसे.