ऋतुजाने दिलेला गुच्छ

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, जेव्हा त्याला सत्याच्या नजरेला नजर द्यावी लागते.

हे वाक्य माझंच आहे. आमच्या शाळेच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मी करते, आणि हे वाक्य मी आजवर तीन स्नेहसंमेलनांत, दोन निरोप समारंभांत आणि एका पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनात वापरलं आहे. टाकीच्या वेळी टाळ्या जास्त पडल्या. खरं सांगायचं तर असा क्षण येतो वगैरे काही नाही. आला तरी त्याला वळसा घालून जाता येतं. मी नऊ वर्षं घातला.

आता जे सांगणार आहे ते घरी कुणाला माहीत नाही. शाळेत तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मागच्या महिन्यात एक बाई माझ्या टेबलासमोर बसून मला धन्यवाद देऊन गेल्या, म्हणून असेल.

मी चिंचवडमधल्या एका विशेष शाळेत शिकवते. माझ्या काळात आमच्या दारावरचा फलक दोनदा बदलला. आधी त्यावर ‘मतिमंद’ होतं, मग ‘विशेष’ आलं, मग ‘दिव्यांग’. प्रत्येक वेळी फलकाचं अनावरण झालं, नारळ फुटला. शाळा पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना तोच आहे.

ऋतुजा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिची आई सुरेखाताई, मूळच्या परभणीच्या, राहायला पुनावळ्यात, कामाला चाकणला गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या कंपनीत. ऋतुजाला बोलता यायचं, पण एका वेळी एक शब्द. ‘दिलं.’ ‘गेली.’ ‘गरम.’ शब्द कमी असल्यामुळे असेल, ती ते फार जपून वापरायची. जे झालं तेच सांगायची. तिला खोटं बोलताच येत नव्हतं — ती कला बुद्धिमान लोकांची.

त्या वर्षी चाकणची एक कंपनी आमच्या शाळेला मुलांची ने-आण करायला गाडी देणार होती. कंपनीचे मोठे साहेब येणार, म्हणजे समारंभ आला. दीपप्रज्वलन आलं, आणि पंख्याने वात विझते म्हणून पंखे बंद करून सगळ्यांनी घामाघूम होणं आलं. साहेबांना पुष्पगुच्छ कुणी द्यायचा? मीच म्हणाले, ऋतुजा देईल.

आमच्या कामात कुठल्याही कृतीचे तुकडे पाडतात. दात घासणं म्हणजे आमच्याकडे चौदा तुकडे. एक तुकडा पक्का झाला की पुढचा. गुच्छ देण्याचे मी आठ पाडले. उभी राहा. दोन्ही हातांनी धर. पाच पावलं चाल. थांब. पुढे कर. समोरच्याने धरेपर्यंत सोडू नको. नमस्कार कर. वळ. अडीच महिने आम्ही रोज हे करत होतो. साहेबांच्या जागी आमचे वॉचमन काका खुर्चीत बसायचे. ते जुने, चिखली गावातले.

“पाव्हना मी व्हय? मंग हार बी आणा की बाई. आन् च्या सांगा,” म्हणायचे, आणि मिशीवरून हात फिरवून ताठ बसायचे. ऋतुजा खुदखुदायची. आमच्याकडे आलेल्या सगळ्या पाहुण्यांत काकांइतका पाहुणा दिसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सहाव्या तुकड्याला तीन आठवडे लागले. ती गुच्छ पुढे करायची आणि लगेच सोडून द्यायची, तो काकांच्या पायावर पडायचा. मग एके दिवशी तिने धरून ठेवला. काकांनी दोन्ही हातांनी धरला, तेव्हाच तिची बोटं सुटली. मला आनंदाने रडू आलं होतं. हे मुद्दाम सांगते. म्हणजे मला तिची किंमत माहीत नव्हती असं तुम्हाला वाटायला नको.

सुरेखाताईंनी मैत्रिणीबरोबर शिफ्ट बदलून घेतली. पहिली शिफ्ट संपवून तशाच शाळेत येणार होत्या. घरीही ऋतुजा त्यांना पाण्याचा तांब्या असाच द्यायची म्हणे — पाच पावलं, थांबून, नमस्कारासकट.

कार्यक्रम चारचा होता. त्या दिवशी चाकण रस्त्याने साहेब आणि कामगार असा भेद केला नाही. दोघांनाही मोशीच्या अलीकडे अडकवून ठेवलं. साहेब तासभर उशिरा आले. तो तासभर ऋतुजा पडद्यामागे उभी होती. नवा पिवळा फ्रॉक, हातात गुच्छ. गुच्छ सॅटिनच्या रिबिनींचा होता, आमच्याच मुलांनी हस्तकलेच्या तासाला केलेला. तिने तो एकदाही खाली ठेवला नाही. पहिला तुकडा, दुसरा तुकडा.

गाडीचा हॉर्न वाजला. पायऱ्यांवर बूट वाजले. आणि ऋतुजाला आनंद झाला.

तिला आनंद झाला की ती एक आवाज काढायची, बारीक, लांबत जाणारा. आणि लाळ यायची. खांद्याला पिन लावून रुमाल होता, पण तो तासाभरात भिजून गेला होता. फ्रॉकची बाही ओली झाली. हनुवटी चमकत होती.

मी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. फोटोग्राफर. अध्यक्ष. पहिल्या रांगेत इस्त्रीचे शर्ट. मग तिच्याकडे पाहिलं.

मला कुणीही काही सांगितलं नव्हतं. हे लिहिताना मी थांबले आहे, कारण कुणीतरी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. अध्यक्ष नुसते खाकरले असते तरी चाललं असतं. समारंभांची, शालींची, भाषणांची मी आयुष्यभर मनातल्या मनात टिंगल करत आले, मनात त्यांना नावं ठेवत माइकवर त्यांचीच नावं घेत आले. आणि त्या क्षणी, त्या सबंध हॉलमध्ये, समारंभ नीट दिसावा असं सगळ्यात जास्त कुणाला वाटत होतं?

ऑफिसातल्या बाईंची मुलगी तिथेच उभी होती. सहावीतली, शेजारच्या शाळेतली, दोन घट्ट वेण्या. गुच्छ तिच्या हातात द्यायचा, इतकंच. पण ऋतुजा गुच्छ सोडेना. का सोडेल? समोरच्याने धरेपर्यंत सोडायचं नाही, हे तिला मी शिकवलं होतं.

मग मी काय केलं ते ऐका. मी पाच पावलं मागे गेले. ताठ उभी राहिले, काका राहायचे तशी. आणि दोन्ही हात पुढे केले.

ऋतुजा चालत आली. थांबली. गुच्छ पुढे केला. मी धरला, तेव्हाच सोडला. नमस्कार केला. वळली. आठही तुकडे, एकही चूक नाही. सरावात असं कधीच झालं नव्हतं.

तिच्या दृष्टीने काम झालं होतं. ती भिंतीशी जाऊन बसली, हसत. वेण्यांच्या मुलीने साहेबांना गुच्छ दिला. साहेबांनी शाळेला गाडीची चावी दिली, थर्माकोलची, तीन फूट लांब. गाडी स्वतः अजून शोरूममध्ये होती. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली ओळ — पाहुण्यांचे स्वागत करताना विशेष विद्यार्थिनी. त्यावर ऑफिसातल्या बाई आठवडाभर रागावल्या होत्या.

सुरेखाताई पोचल्या तेव्हा सतरंज्या गुंडाळत होते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. “झालं व्हय मॅडम? दिला का हिनं?”

नाही म्हणायला मला काहीच जड गेलं नाही. “ऐनवेळी घाबरली हो ती. गर्दी पाहिली आणि रडायला लागली.”

“आगं माय!” त्या ऋतुजाकडे वळल्या. “कशाला भ्यालीस गं? इतकं शिकवलं मॅडमनी.”

ऋतुजाने त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, “दिलं.”

“दिलं म्हणायलीय बघा.”

“दिलं,” ऋतुजा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “दिलं. दिलं.”

सुरेखाताई माझ्याकडे पाहत राहिल्या. आणि मी — पंधरा वर्षांचा अनुभव असलेली, पदविका घेतलेली, पुस्तकं वाचणारी बाई — समजावण्याच्या सुरात म्हणाले, “या मुलांचं असं होतं. मनातलं आणि घडलेलं यात फरक करता येत नाही त्यांना. तिला वाटतंय, दिलं.”

अकरा वर्षांच्या मुलीकडे मोजून चाळीसेक शब्द होते. मी त्या एका वाक्यात सगळे काढून घेतले.

एवढ्यावर थांबले असते तर? पण खोटं नीट ठेवायचं तर त्याला कागद लागतो. आमच्याकडे प्रत्येक मुलाची फाइल असते, त्यात निरीक्षणाचं पान. कार्यक्रमाला ठरलेलं मूल ऐनवेळी का बदललं, हे कुणी विचारलं तर? मी लिहिलं, ‘गर्दीत घाबरते. न घडलेल्या गोष्टी घडल्या असे सांगते.’ खाली सही. आणि आमच्याकडची पद्धत अशी, की दर जूनला नवीन शिक्षिका मागच्या वर्षीचं पान समोर ठेवून नवीन पान लिहिते. चांगल्या अक्षरात. शिक्षिका बदलत गेल्या, ती दोन वाक्यं मात्र कायम नोकरीत राहिली.

दोन वर्षांनी ऋतुजा वेगळं सांगायला लागली. “मावशी. मारलं.” ती शाळेच्या गाडीत चढायला तयार होईना. तीच गाडी, थर्माकोलच्या चावीची. मावशी म्हणजे मुलांना उतरवून घेणारी मदतनीस. सुरेखाताई विचारायला आल्या. तेव्हाच्या शिक्षिकेने फाइल उघडली आणि वाचून दाखवलं. मी शेजारच्याच टेबलावर वह्या तपासत होते.

“व्हय की,” सुरेखाताई म्हणाल्या. “मॅडम तवाच म्हणाल्या होत्या.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या खोलीत एकच माणूस असं होतं, ज्याला नक्की माहीत होतं की ही मुलगी न घडलेलं कधीच सांगत नाही. त्या माणसाने मान हलवली. होकारार्थी.

चार महिने गेले. मग एका मुलाच्या वडिलांनी सिग्नलला गाडीच्या काचेतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या बाईला काढलं. सुरेखाताई ऑफिसात बसून रडल्या. “लेकरू सांगायलं होतं मॅडम. अन् मी चापट मारली तिला. खोटं बोलतीस म्हणून.” मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “तुमची काही चूक नाही.” त्या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं हे एकमेव खरं वाक्य.

तेव्हा सांगता आलं असतं. त्या रडत होत्या, दार लोटलेलं होतं, शिपाई चहा आणायला गेला होता. चहा आला. मी त्यांना बिस्किट दिलं.

ऋतुजाने त्यानंतर सांगणं बंद केलं. एकदम नाही, हळूहळू. भूक लागली तरी सांगेना, लागलं तरी सांगेना. फाइलमध्ये त्याची नोंद आहे — ‘वर्तनात सुधारणा. शांत बसते.’ अठरा पूर्ण झाल्यावर तिला भोसरीच्या एका कार्यशाळेत पाकिटं भरायच्या कामाला घ्यायचं चाललं होतं. त्यांनी फाइल मागवली. मी तोवर मुख्याध्यापिका झाले होते; फाइल माझ्या सहीने गेली. गर्दीत घाबरणारी मुलगी नको, असं त्यांनी कळवलं. ते बरोबरच होतं. तोपर्यंत ती खरंच घाबरायला लागली होती. उशिरा का होईना, माझी नोंद अचूक ठरली.

आता ती वीस वर्षांची आहे. आई शिफ्टला गेली की पुनावळ्याच्या घरात असते. दाराला बाहेरून कडी. दुपारी शेजारीण एकदा डोकावते.

मागच्या महिन्यात सुरेखाताई एका दाखल्यासाठी आल्या होत्या. केस पांढरे झालेत. दाखला घेऊन उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. म्हणाल्या, “मॅडम, लेकरू गर्दीला भितं हे सगळ्यात आधी तुम्हीच वळखलं होतं. आम्हालाच नव्हतं कळलं.” वाकून नमस्कार केला. वळल्या.

फाइल कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे. दोन ओळी खोडायला किती वेळ लागतो? मी ती अजून उघडलेली नाही, आणि हे लिहून झाल्यावर उघडेन असंही मला वाटत नाही.

गुच्छाचं राहिलंच. साहेब तो त्या दिवशी खुर्चीवर विसरून गेले. रिबिनींचा असल्यामुळे टिकला आहे. आम्ही दर वर्षी धूळ झटकून तोच देतो. आजवर एकाही पाहुण्याने तो घरी नेलेला नाही.